‘देशी मासे आकार बदलून सावरतात’ म्हणे!

मासेमारीच्या, शेततळ्यांच्या आणि निसर्गप्रेमींच्या गटांतून गेले काही महिने एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: परक्या माशांविरुद्धची ओरड फुकाची आहे. परका मासा पाण्यात आला की देशी मासे थोड्याच वर्षांत शरीराचा आकार बदलून घेतात. कुणाची पाठ उंच होते, कुणाची शेपटी दणकट होते, कुणाचे कल्ले वाढतात. हे सगळं ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’. पुराव्यादाखल स्वीडनमधला एक मासा, आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर आणि अमेरिकेतली एक संकरित प्रजा हजर केली आहे. मग महाशीर, गप्पी, चिलापी (टिलापिया) असं करत करत गाडी शेवटी हव्या त्या स्टेशनात येते: थाई मागूर या बाहेरून आलेल्या माशावरची बंदी उठवा, निसर्ग आपलं बघून घेईल.

लिहिणाऱ्याने वाचन केलंय, हे मान्य करायला हवं. दिलेली बहुतेक उदाहरणं खरी आहेत. अडचण अशी की प्रत्येक उदाहरण सोयीच्या जागी तोडलं आहे. तोडलेला भाग जोडला की निष्कर्ष उलटा निघतो. मुद्दे त्याच क्रमाने घेतो.

‘स्वीडनमध्ये शिकारी मासा सोडला आणि काही महिन्यांतच दुसऱ्या माशांची पाठ उंच झाली.’

झाली. ब्रॉनमार्क आणि मायनर या दोघांनी १९९२ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात हा प्रयोग मांडला, आणि तो आजही शिकवला जातो. मासा होता क्रूशियन कार्प, आपल्या काचपेटीतल्या गोल्डफिशचा सख्खा चुलतभाऊ. तळ्याचा एक भाग अलग केला, त्यात पाइक नावाचा शिकारी मासा सोडला, दुसऱ्या भागात सोडला नाही. काही आठवड्यांनी पाइक असलेल्या बाजूच्या कार्पांची पाठ ते पोट ही उंची जास्त भरली. पाइक भक्ष्य चावून खात नाही, अख्खं गिळतो. त्यामुळे त्याच्या जबड्याच्या फाकेत मावणार नाही एवढं उंच व्हायचं, हा बचावाचा सरळ हिशेब. त्याच माशाने जिवंतपणी केलेला हा बदल आहे, पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून आलेला नाही.

आता तोडलेला भाग. पाइक तिथे परका नाही. उत्तर युरोपच्या पाण्यात हे दोघे हजारो वर्षं शेजारी आहेत. पाइक पाण्यात आहे हे कार्पाला कळतं ते वासावरून, म्हणजे मासे खाणाऱ्या पाइकच्या अंगातून पाण्यात उतरणाऱ्या रसायनांवरून. तो वास ओळखून अंगाची वाढ वळवायची यंत्रणा दीर्घ सहवासात घडलेली आहे. जो शिकारी परवा टेम्पोतून आला, त्याचा वास ओळखायला शिकलेलाच नसेल तर देशी मासा पाठ उंच करणार कशाच्या जोरावर? अशा माशांच्या बाबतीत संशोधक ‘भोळं भक्ष्य’ असा शब्दप्रयोग करतात. शिकारी समोर असतो आणि भक्ष्य पळतही नाही. म्हणजे मजकुरातलं पहिलंच उदाहरण परक्या माशाचं नाही.

दुसरं म्हणजे ही उंच पाठ फुकट मिळत नाही. जिथे पाइक नाही तिथे हाच कार्प सडपातळ राहतो. उंच अंगाला पाणी जास्त अडतं, पोहायला जास्त ताकद लागते. तळ्याच्या संथ पाण्यात ते परवडतं. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांचा विचार करून बघा. मळ्या घ्या. लांबट, गोलसर अंग, तोंड खालच्या बाजूला, खालच्या ओठामागे चकतीसारखी पकड. पावसाळ्यात कातळावरून पाणी धावतं तेव्हा ही चकती टेकवून तो दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडतो. त्याने कुणाच्या भीतीने पाठ उंच केली तर पहिल्या लोंढ्यातच वाहून जाईल. नदीतल्या माशाचं अंग आधीच प्रवाहाशी बांधलेलं असतं. त्यात फेरफार करायला फार वाव नसतो.

आणि तिसरी गोष्ट मजकुरात असती तर मजा आली असती. हाच क्रूशियन कार्प इंग्लंडमध्ये आज अडचणीत आहे, आणि त्याचं एक मोठं कारण माणसांनी आणून सोडलेले गोल्डफिश आणि कॉमन कार्प. त्यांच्याशी त्याचा संकर होतो. संकरातली पिल्लं इतकी बेमालूम दिसतात की तळ्यातला मासा अस्सल आहे की नाही हे ठरवायला अनेकदा जनुकांची तपासणी लागते. पाइकपुढे पाठ उंच करणारा हा मासा गोल्डफिशपुढे हतबल ठरला.

‘व्हिक्टोरिया सरोवरात नाइल पर्च सोडला, देशी मासे संपणार म्हणून बोंब झाली, पण ते नव्या आकारात परत आले.’

मजकुरातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, म्हणून जरा थांबू. हे सरोवर आहे, नदी नाही. तरी परक्या माशानंतर देशी माशांच्या शरीरात काय काय बदललं याच्या इतक्या बारीक नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत.

नाइल पर्च हा शंभर किलोंच्या पुढे जाणारा शिकारी मासा. ब्रिटिश वसाहतीच्या अखेरच्या काळात, १९५०च्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत तो तिथे सोडला गेला. सरोवरात तेव्हा हॅप्लोक्रोमिस गटाच्या छोट्या माशांच्या पाचशेच्या आसपास जाती होत्या आणि तळाच्या जाळ्यात येणाऱ्या माशांत वजनाने ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा त्यांचा होता. १९८०च्या दशकात पर्चची संख्या एकदम उसळली आणि काही वर्षांत हे छोटे मासे जाळ्यांतून जवळजवळ दिसेनासे झाले. सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या असाव्यात असा अंदाज आहे.

पुढे १९९०च्या दशकात काही जाती परतल्या. त्यातली एक हॅप्लोक्रोमिस पायरोसेफॅलस. टांझानियातल्या म्वांझा आखातात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांचा गट १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत होता, म्हणून पर्चच्या उसळीआधीचे नमुने बाटल्यांत जपलेले होते. जुना मासा आणि नवा मासा शेजारी ठेवून मोजता आला. नव्या माशाच्या कल्ल्यांचं क्षेत्रफळ ६४ टक्क्यांनी जास्त भरलं. डोळे लहान झाले होते. शेपटीच्या मुळाशी असलेला निमुळता भाग मोठा झाला होता, म्हणजे पटकन उसळी मारून निसटायला जास्त ताकद. आणि हे सगळं वीसेक वर्षांत. कुणीही थक्क व्हावं असंच हे काम आहे.

पण ‘परत आले’ या दोन शब्दांत मजकुराने केवढं काय झाकलंय बघा.

परत आल्या त्या मोजक्या जाती, मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म जीव खाणाऱ्या आणि तळातला कुजका गाळ खाणाऱ्या. ज्या आल्याच नाहीत त्यांच्या शरीराचा आकार काय झाला, हा प्रश्नच उरत नाही. मेलेल्या माशाची पाठ कोण मोजणार? वाचलेल्यांचीच मोजमापं हातात असली की ‘मासे सावरतात’ असं वाटणारच. शंभर जणांनी पुरात उड्या मारल्या आणि पाच जण पैलतीराला लागले, तर त्या पाच जणांचे दंड मोजून ‘पुरात पोहल्याने दंड कमावतात’ असं म्हणण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय कल्ले का वाढले? त्याचा पर्चशी थेट संबंध नाही. त्याच काळात किनाऱ्यांवरची शेती, तुटलेली जंगलं आणि सांडपाण्यामुळे सरोवरात पोषकद्रव्यं साचली, शेवाळ वाढलं, पाण्यातला प्राणवायू घटला. मोठे कल्ले हे त्या कोंडलेल्या पाण्यात तग धरण्यासाठी. डोळे लहान झाले त्याचा एक अर्थ असा लावला जातो की डोक्यातली जागा तेवढीच, कल्ले वाढले की कुणाला तरी आवरतं घ्यावं लागतं. गढूळ पाण्यात राहणाऱ्या माशाने डोळे लहान करणं ही काही चैन नाही.

गढूळपणाचा आणखी एक परिणाम झाला. या गटातल्या माद्या नराचा रंग बघून जोडीदार निवडतात. पाणी गढूळ झालं की रंग नीट दिसत नाहीत आणि जवळच्या जातींमधली सीमा पुसट होते. संशोधक ओले सीहाउसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दाखवून दिलं. म्हणजे काही जाती पर्चच्या पोटात गेल्या आणि काही एकमेकींत विरघळल्या. उरलेल्यांतली एक जात मोठ्या कल्ल्यांनी कशीबशी श्वास घेते आहे, आणि मजकूर म्हणतो, बघा, किती छान सावरले!

‘परक्या आणि देशी माशांचा संकर झाला तर नवं रक्त येतं, प्रजा जोमदार होते.’

जोमदार होते, हे अनेकदा खरं असतं. भीती त्या जोमाचीच आहे.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको आणि टेक्सासमधून पेकोस नदी वाहते. तिथे पेकोस पपफिश नावाचा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा आहे. बहुतेक तिथल्याच पाण्यात सापडणारा, पोटावर खवले जवळजवळ नसलेला. १९८०च्या सुमारास कुणीतरी, बहुधा गळाला लावायला आणलेल्या आमिषाच्या बादलीतून, किनारपट्टीवरचा शीप्सहेड मिनो हा त्याचा नातेवाईक नदीत सोडला. पाचेक वर्षांत नदीच्या सुमारे ४३० किलोमीटरच्या पट्ट्यात अस्सल पपफिशच्या जागी संकरित मासे पसरले. एकेल आणि कॉनर यांनी १९८९ साली ही नोंद छापली तेव्हा एवढ्या वेगाने असं काही होऊ शकतं यावर विश्वास बसणं कठीण होतं.

पुढे प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा कारण कळलं. संकरित मासे भराभर वाढत होते आणि पोहण्यात जास्त दमदार होते. वर पपफिशच्या माद्या स्वतःच्या जातीच्या नरांपेक्षा परक्या नरांकडे जास्त वळत होत्या. आता या नदीतल्या माशांच्या अंगाची मापं दर वर्षी घेतली असती तर काय दिसलं असतं? आकार बदलतोय, वाढ चांगली आहे, मासे तगडे आहेत. आणि त्याच आलेखात एक जात नकाशावरून पुसली जाताना दिसली असती. अंग धडधाकट आहे, वंश मात्र दुसऱ्याचा आहे.

यावर ‘मग काय बिघडलं, मासे तर आहेत ना’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे. फक्त त्याला ‘देशी मासा सावरला’ म्हणू नये.

‘आकार बदललाय याचाच अर्थ परक्या माशाला उत्तर मिळालंय.’

मजकुरात हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. इथे मोजणी कशी होते ते थोडं बघावं लागेल, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

माशाच्या आकाराचा अभ्यास करणारे माशाला डावी बाजू वर करून थर्माकोलच्या पाटीवर ठेवतात, टाचण्यांनी पर (पोहायचे पंख) उलगडून बसवतात, शेजारी मोजपट्टी ठेवतात आणि नेमक्या वरून फोटो काढतात. मग फोटोवर ठरावीक जागी बिंदू देतात: नाकाचं टोक, डोळ्याचा मध्य, पाठीचा पर जिथे सुरू होतो ती जागा, जिथे संपतो ती, शेपटीचं मूळ वगैरे. संगणक सगळ्या फोटोंमधला लहानमोठेपणा आणि तिरपेपणा काढून टाकतो आणि बिंदूंची एकमेकांशी असलेली रचना तेवढी शिल्लक ठेवतो. ती रचना बदलली की आकार बदलला.

ऐकायला चोख वाटतं, पण सापळे भरपूर. अंड्यांनी भरलेली मादी उंच पोटाची दिसते. फॉर्मालिनमध्ये राहिलेला नमुना आक्रसतो. मासा ताठ नसेल, जरा वाकलेला असेल, तर पाठीला नसलेला बाक येतो. पिल्लू आणि म्हातारा मासा यांची ठेवण मुळातच वेगळी असते, म्हणून एका ठिकाणी लहान आणि दुसऱ्या ठिकाणी मोठे मासे मापले तर फरक दिसणारच. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे भूक. परक्या माशाने खाद्य खाल्लं की देशी मासा लांबीच्या मानाने हलका भरतो, पोट आत जातं, पाठ बारीक होते. बिंदू लावून बघाल तर सडपातळ, प्रवाहाला साजेसा वगैरे दिसेल. प्रत्यक्षात तो उपाशी असतो.

यात धरणं धरा. अमेरिकेत ओक्लाहोमात रेड शायनर हा छोटा मासा स्थानिक आहे. तिथल्या जलाशयांतले आणि वाहत्या ओढ्यांतले रेड शायनर मोजले तेव्हा जलाशयातल्यांचं अंग उंच आणि डोकं लहान निघालं. ब्लॅकटेल शायनर या दुसऱ्या माशातही नदी आणि जलाशय असा फरक सापडला. पाणी थांबलं की अंगाची ठेवण बदलते, त्यासाठी परका मासा लागत नाही. आता आपल्याकडे बघा. चिलापी, सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प), सिल्व्हर कार्प हे सगळे परके मासे मुख्यतः धरणांच्या पाण्यात फोफावले. म्हणजे परका मासा आणि थांबलेलं पाणी दोन्ही एकाच जागी, एकाच काळात. अशा ठिकाणी देशी मासा बदललेला दिसला तर श्रेय कुणाला द्यायचं? घाईने कुणालाच देता येत नाही, ना मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने, ना माझ्या.

जाता जाता: हाच रेड शायनर त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर गेला तेव्हा अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या बाजूच्या कूसा नदीखोऱ्यात त्याच ब्लॅकटेल शायनरशी संकर करत सुटला.

‘लोणावळ्याचा महाशीर कावेरीत सोडला. तो तर आपलाच, भारतीय! त्याने काय नुकसान केलं?’

माशांना पासपोर्ट नसतो. कृष्णेचा मासा कावेरीत तितकाच परका असू शकतो जितका आफ्रिकेचा.

आपला डेक्कन महाशीर म्हणजे टॉर खुद्री. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्याकडे बघून कुणाला हे पटणार नाही, पण महाशीराची ही जात शास्त्राला पुण्याने दिली. पुढे हा मासा सगळीकडे घटू लागला तेव्हा टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. काम कष्टाचं होतं, हेतू चांगला होता. तिथून लाखो बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) देशभरातल्या नद्या-तलावांत गेली. त्यातली काही कावेरीत.

कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळाच. डोक्यामागून पाठीच्या परापर्यंत चढत जाणारं वशिंडासारखं उंच कुबड आणि केशरी झाक असलेले पर. गळ टाकणाऱ्यांच्या दुनियेत हा मासा दीडशे वर्षं प्रसिद्ध होता. १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंचा महाशीर गळाला लागला त्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. इतकं नाव असून या माशाला नेमकं शास्त्रीय नाव मात्र नव्हतं. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली तो टॉर रेमादेवी असल्याचं दाखवलं. हे नाव २००७ साली केरळातल्या पांबर नदीतल्या माशांवरून दिलं गेलं होतं. २०१८ सालीच संकटातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली.

या संशोधकांनी एक चांगली युक्ती केली होती. कावेरीकाठच्या गालीबोरे इथल्या तळावर गळाने मासे पकडून परत सोडणारे लोक येत. तिथल्या १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांहून जास्त महाशीरांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एकूण आकडे वरवर पाहिले तर आनंदच व्हावा, कारण तासामागे मिळणारे मासे वाढत गेले होते. मग निळ्या पराचे आणि कुबडाचे असे दोन ढीग वेगळे केले. वाढ सगळी निळ्या पराच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या महाशीराची होती. कुबडाचे मासे दर वर्षी कमी होत होते, आणि जे मिळत ते आणखी मोठे असत. मोठे मिळतात ही चांगली खूण वाटते, पण इथे तिचा अर्थ असा की लहान मासे येतच नव्हते. म्हाताऱ्यांच्या पाठोपाठ तरुण पिढी नव्हती.

आता या नदीतल्या ‘महाशीर’ नावाच्या सगळ्या माशांच्या पाठीची सरासरी उंची वर्षागणिक काढली असती तर ती उतरत गेलेली दिसली असती. आणि आपल्या मजकूरकर्त्याने लिहिलं असतं: बघा, महाशीराने कुबड टाकून दिलं, नव्या परिस्थितीशी जुळवून घेतलं! एकाही माशाने कुबड टाकलेलं नव्हतं. कुबडाचे मासे संपत होते आणि त्यांच्या जागी बिनकुबडाचे मोजले जात होते.

कावेरीत वाळूउपसा, धरणं, सुरुंगाने होणारी मासेमारी हेही आहेच. सगळं खापर लोणावळ्याच्या बोटुकल्यांवर फोडणं बरोबर नाही. पण ‘आपलाच मासा आहे’ म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. खुद्द टॉर खुद्री जपायचा तर तो त्याच्याच नदीत जपावा. महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकरी देवीचे मासे म्हणून महाशीरांना खाऊ घालतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. तिथे मत्स्यबीज आणून ओतायची वेळ आलेली नाही.

‘गप्पी मासे तर एवढेसे. डास खातात. ते कुणाचा आकार बदलणार?’

एवढेसेच मासे बदल घडवतात, हे त्रिनिदादमध्ये दिसलंय. तिथल्या डोंगरी ओढ्यांत गप्पी मूळचेच आहेत, पण धबधब्यांच्या वर ते पोचत नाहीत. तिथे रिव्ह्युलस नावाचा छोटा मासा एकटाच राहतो. संशोधकांनी गप्पी उचलून वर सोडले. काही वर्षांनी त्या रिव्ह्युलसची वाढ आणि प्रजनन यांच्या रीतीत पिढीजात फरक पडलेला आढळला.

गप्पीचा नातेवाईक गँबुसिया त्याहून आडदांड. ॲरिझोनातल्या गिला नदीखोऱ्यात गिला टॉपमिनो एके काळी ओढ्या-ओढ्यांत असायचा. डासांसाठी सोडलेल्या गँबुसियाने त्याची पिल्लं खाल्ली, मोठ्यांचे पर कुरतडले, आणि १९६७ साली टॉपमिनो संकटग्रस्त यादीत गेला. दोन्ही मासे बोटाएवढेच. पर कुरतडलेला मासा बिंदू लावून मोजला तर त्याचाही ‘आकार बदललेला’च भरेल.

बंद टाकीत, हौदात, बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात गप्पी सोडायला माझी हरकत नाही. आरोग्य खात्याची गरज मला कळते. पण ओढ्यात, विहिरीतून ओढ्याला जाणाऱ्या पाण्यात, तळ्यात सोडू नयेत. कोकणात डोक्यावर चमकता ठिपका मिरवत पृष्ठभागालगत फिरणारा अप्लोकायलस डासांच्या अळ्या खातोच की. त्याला कुणी विचारत नाही, कारण त्याचं पैदास केंद्र नाही.

‘चिलापीमुळे मासे वाढले, मच्छीमाराचं पोट भरलं.’

पोट भरलं, हे नाकारणारा मी कोण? उजनीकाठी चिलापी विकून घरं चालतात आणि त्यावर शहरातून नाक मुरडणं सोपं आहे. पण हा मुद्दा देशी माशांच्या शरीराबद्दल नाही, आणि मजकूर त्याला त्याच रांगेत बसवतो. चिलापी भारतात १९५२ साली आली. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लं वाचतात, गर्दी होते, आणि गर्दीत ती लहान अंगावरच पिल्लं देऊ लागते. म्हणून अनेक तलावांत पंजाएवढ्या चिलापीचाच खच पडतो. राजस्थानातल्या जयसमंद तलावात चिलापी आल्यावर रोहू-कटल्यासारख्या माशांचं सरासरी वजन घटल्याची नोंद आहे. मासे वाढले असतील, पण काट्यावरचा रोहू हलका झाला.

‘म्हणून थाई मागूरवरची बंदी उठवा.’

इथपर्यंत आणायचं होतं, त्यासाठी स्वीडनपासून यात्रा. थाई मागूर म्हणजे आफ्रिकी क्लॅरियस. तो पाण्याबाहेरही श्वास घेऊ शकतो, ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या पाण्यात जातो, समोर येईल ते खातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्यावर बंदी घातली, पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही ती लागू करायला बजावलं. तरी शेततळ्यांत तो चोरून वाढवला जातो आणि कत्तलखान्यांतली घाण त्याला खाद्य म्हणून टाकली जाते. खुद्द थायलंडमध्ये त्याचा तिथल्या देशी मागूराशी मुद्दाम संकर करून संकरित मासे पाळले जातात, आणि त्यांचे जनुक नदीतल्या देशी माशांत उतरल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे पेकोस नदीत जे घडलं त्याची दुसरी आवृत्ती, फक्त मासा दहापट मोठा.

बंदी उठवायचीच असं म्हणणाऱ्याने आधी दाखवावं की या माशासोबत राहूनही देशी मागूर, मरळ, शिंगाळा टिकले आहेत. दाखवायचं कसं, तेही सांगतो. पुण्यात आकुर्डीला प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) संग्रह आहे. दोन्हीकडे जुन्या माशांचे नमुने आहेत. त्याच नद्यांतले आजचे मासे घ्या, त्याच वयाचे, त्याच ऋतूतले, नर-मादी वेगळे करून. परका मासा न पोचलेला एखादा ओढाही मोजा, म्हणजे धरणाचा आणि सांडपाण्याचा परिणाम वेगळा काढता येईल. दोन्हीकडच्या माशांची पिल्लं एकाच टाकीत वाढवून फरक टिकतो का बघा. जनुकं तपासा, म्हणजे संकर लपणार नाही. आणि ज्या जाती जुन्या बाटल्यांत आहेत पण आजच्या जाळ्यात नाहीत, त्यांची यादी त्याच तक्त्यात पहिल्या ओळीत लिहा.